दोन पृष्ठभाग, एकच आलेख

१. फ्लॅट सात की घटते बारा?

कर्ज काढायला निघालेल्या माणसाला व्याज दोन निरनिराळ्या रीतींनी सांगितले जाते. वाहनाच्या दुकानात बसलेला कर्जवाला म्हणतो, ‘‘सात टक्के फ्लॅट.’’ बँकेतले साहेब म्हणतात, ‘‘बारा टक्के, रिड्युसिंग.’’ यातले स्वस्त कुठले, हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि बहुतेक वेळा लहान आकडा बघून त्याचा निकाल लावला जातो.

आधी दोन्ही रीती समजून घेऊ. फ्लॅट व्याजात पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज धरतात. एक लाखाचे कर्ज, सात टक्के, पाच वर्षे. दर वर्षाचे ७,००० प्रमाणे व्याज झाले ३५,०००. घटत्या शिलकीच्या पद्धतीत दर हप्त्यातून थोडे मुद्दल फिटते आणि पुढच्या महिन्याचे व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागते. तेच एक लाख, तीच पाच वर्षे आणि दर बारा टक्के धरला तर महिन्याचा हप्ता सुमारे २,२२४ रुपये येतो. साठ हप्त्यांची बेरीज १,३३,४६७, म्हणजे व्याज ३३,४६७. बारा टक्क्यांचे कर्ज सात टक्क्यांच्या कर्जापेक्षा दीड हजाराने स्वस्त पडले. मुदत तीच आणि हप्ते समान असल्यामुळे एकूण व्याजावरून केलेली ही तुलना अगदी रास्त आहे.

मग घटती शिल्लक नेहमीच स्वस्त का? तसेही नाही. मुदत दहा वर्षांची करा. फ्लॅट सात टक्क्यांनी व्याज ७०,००० होते आणि घटत्या बारा टक्क्यांनी ७२,१६५. पारडे फिरले. दर बदलला तरी ते असेच फिरते.

या प्रकरणापुरते असे धरू की बँकेचा दर फ्लॅट दरापेक्षा नेहमी पाचने जास्त आहे: चारला नऊ, सहाला अकरा, सातला बारा. आता कोणत्या दराला आणि किती वर्षांच्या मुदतीला कोण स्वस्त? उत्तर एका आकड्यात मावणारे नाही. दर बदलतो, मुदतही बदलते आणि दोघांच्या जोडीने व्याज ठरते. प्रत्येक पद्धतीचा एकेक पृष्ठभाग तयार होतो, आणि आपल्याला ते दोन्ही एका चित्रात हवे आहेत. स्प्रेडशीटमध्ये ते कसे आणायचे, हा आपला विषय.

२. तक्त्यातला आकडा म्हणजे उंची

स्प्रेडशीट उघडा. वरच्या ओळीत ४ ते १२ असे नऊ दर लिहा, डाव्या रकान्यात १ ते १० अशी दहा वर्षे. मधल्या ९० सेलमध्ये फ्लॅट व्याज भरायचे: दर गुणिले वर्षे गुणिले १,०००. सूत्र एकदाच लिहायचे. दराचा पत्ता लिहिताना ओळीच्या क्रमांकाआधी आणि वर्षाचा पत्ता लिहिताना रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह टाकले की तेच सूत्र सगळीकडे ओढता येते.

खाली तसाच दुसरा तक्ता करा. हप्ता काढण्यासाठी एक्सेलमध्ये पीएमटी नावाचे तयार सूत्र आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: महिन्याचा दर, म्हणजे आपला दर अधिक पाच, भागिले १,२००; हप्त्यांची संख्या, म्हणजे वर्षे गुणिले १२; आणि कर्जाची रक्कम. उत्तर उणे चिन्हासह येते, कारण तो पैसा आपल्या खिशातून जातो. ते चिन्ह उलटवा, हप्त्यांच्या संख्येने गुणा आणि एक लाख वजा करा. जे उरेल ते व्याज.

आता हा तक्ता जमिनीवर आखलेला आहे अशी कल्पना करा. पूर्व-पश्चिम दर, दक्षिण-उत्तर वर्षे. प्रत्येक चौकटीत तिथल्या आकड्याएवढ्या उंचीचा खांब उभा करा आणि सगळ्या खांबांची टोके जोडा. जो पत्रा तयार होईल तो पृष्ठभाग.

फ्लॅट व्याजाचा पृष्ठभाग बघण्यासारखा असतो. एकच दर धरून वर्षे वाढवत गेलात तर टोके सरळ रेषेत चढतात. एकच मुदत धरून दर वाढवलात तरीही सरळ रेषेतच. दोन्ही दिशांची प्रत्येक रेषा सरळ, आणि तरीही सगळा पत्रा पिळलेला! कमी दराच्या कडेला चढ मंद आहे, जास्त दराच्या कडेला तीव्र, म्हणून पत्र्याला पीळ पडतो. गणितात याला अपास्तिक परवलयज म्हणतात, आणि सरळ दांड्यांनी बांधता येतो म्हणून छपरांसाठीही हा आकार वापरतात. घटत्या शिलकीच्या पृष्ठभागावरच्या रेषा मात्र वर वळत जातात. म्हणून सात टक्क्यांच्या रकान्यात दहा वर्षांपर्यंत तो फ्लॅटला गाठतो. तक्ता कितीही वेळ न्याहाळला तरी ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आकार दिसला की चटकन कळते.

३. एक्सेलचा सरफेस चार्ट कुठे थांबतो

एक्सेलमध्ये सरफेस नावाचा आलेख आहे. पहिला तक्ता निवडा, इन्सर्टमध्ये जाऊन तो आलेख मागा, की रंगीत पृष्ठभाग समोर येतो. फिरवता येतो, तिरपा करता येतो. एका पृष्ठभागासाठी एवढे पुरे.

दुसरा त्यात घालायला गेलात की अडचण सुरू होते. दोन्ही तक्ते शेजारीशेजारी ठेवून एकत्र निवडले तर एक्सेल त्यांना एकच लांब तक्ता समजते. फ्लॅट तक्त्याचा शेवटचा कोपरा १,२०,००० वर आहे आणि त्याला लागून बँकेच्या तक्त्याचा पहिला रकाना सुरू होतो, त्याच ओळीत सुमारे ५२,००० वर. चित्रात तिथे सरळ कडा तुटलेला दिसतो. दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या आलेखात सरफेस मिसळूही देत नाहीत.

आणखी दोन मर्यादा आहेत, आणि त्या लक्षात न आल्यामुळे चित्र चुकीचे वाचले जाते. पहिली रंगांची. सरफेस चार्टमधले रंग उंचीचे पट्टे दाखवतात: शून्य ते वीस हजार एक रंग, वीस ते चाळीस हजार दुसरा. ‘हा पृष्ठभाग निळा, तो नारिंगी’ अशी सोय त्यात नाही. दुसरी मर्यादा अक्षांची. खालच्या दोन्ही अक्षांवरचे आकडे हा आलेख नुसती नावे म्हणून घेतो. वर्षे १, २, ३, ५, १० अशी लिहिलीत तर पाच आणि दहामधले अंतर एक आणि दोनमधल्या अंतराएवढेच दिसेल, आणि चढ खोटा होईल. म्हणून सरफेस चार्टसाठी आकडे नेहमी समान अंतराने घ्यावेत.

या मर्यादांना इतिहास आहे. स्प्रेडशीट हिशेबाच्या कागदावरून जन्मली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची व्हिजिकॅल्क १९७९ साली आली, तेव्हा तिच्यात आलेख नव्हतेच. मिच केपॉर यांनी व्हिजिप्लॉट हा आलेख काढणारा वेगळा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढे १९८३ साली त्यांच्या लोटस १-२-३ ने तक्ता आणि आलेख एकाच ठिकाणी आणले. तेव्हापासून आजवर स्प्रेडशीटमधले आलेख मुख्यतः विक्री आणि खर्च दाखवण्यासाठी घडले. लिब्रे ऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्समध्ये तर सरफेस चार्टच नाही.

एक सोपी युक्ती मात्र इथेच सांगून ठेवतो. तिसरा तक्ता करा आणि त्याच्या प्रत्येक सेलमध्ये पहिल्या दोन तक्त्यांतला मोठा आकडा घ्या. त्याचा सरफेस चार्ट काढा. दोन्ही पृष्ठभागांचे वरचे कवच दिसेल आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे घडी पडेल. आपल्या उदाहरणात दोन्ही पृष्ठभाग एकमेकांच्या फार जवळ आहेत, त्यामुळे घडी पुसट दिसते. जिथे ते मोठ्या कोनात छेदतात तिथे ही युक्ती छान चालते.

४. कागद सपाटच असतो

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांना १८७४ साली असाच एक पृष्ठभाग बघायचा होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले विलार्ड गिब्ज यांनी पदार्थाचे आकारमान, ऊर्जा आणि एन्ट्रॉपी या तीन राशींचा पृष्ठभाग शब्दांत मांडला होता. मॅक्सवेल यांनी तो मातीत घडवला, त्याचे प्लॅस्टरचे साचे काढले आणि एक गिब्ज यांना भेट म्हणून पाठवला. त्यांना माती मळावी लागली. आपल्याला तीन ओळींचे गणित पुरते.

कारण पडद्यावर तिसरी मिती नसतेच. त्रिमितीय म्हणून जे दिसते ते सपाट चित्रच असते. उन्हात टांगलेल्या मच्छरदाणीची भिंतीवर पडलेली सावली आठवा: जाळीचे सगळे धागे, सगळे बाक सावलीत उतरतात आणि भिंत सपाटच राहते. जाळीच्या प्रत्येक गाठीची सावली भिंतीवर कुठे पडेल, एवढे काढता आले की झाले. एका गाठीसाठी दोनच आकडे लागतात, भिंतीवरची आडवी जागा आणि उभी जागा. आणि आडव्या-उभ्या जागांचे ठिपके काढून रेषांनी जोडणारा साधा स्कॅटर चार्ट एक्सेल आणि लिब्रे ऑफिस कॅल्क या दोन्हींत असतो. त्यात हव्या तेवढ्या मालिका घालता येतात. एक्सेलमध्ये एका आलेखात २५५ पर्यंत.

आधी तिन्ही मापे एका पट्टीवर आणायची. दर बाराच्या आत आणि व्याज लाखाच्या वर, असे तसेच ठेवले तर चित्र सुईसारखे होईल. दरातून ८ वजा करून ४ ने भागा. उत्तर उणे १ ते १ मध्ये येते. याला क्ष म्हणू. वर्षांतून ५.५ वजा करून ४.५ ने भागा, हा य. व्याजाला १,२०,००० ने भागा, ही उंची.

आता दोन कोन ठरवा. पहिला वळणाचा: तक्ता जागच्या जागी किती फिरवायचा. दुसरा कलाचा: आपण किती वरून बघतो. दोन्ही कोन दोन स्वतंत्र सेलमध्ये लिहा. मग प्रत्येक बिंदूसाठी:

आडवी जागा = क्ष × कोसाइन वळण − य × साइन वळण

खोली = क्ष × साइन वळण + य × कोसाइन वळण

उभी जागा = उंची × कोसाइन कल + खोली × साइन कल

पहिल्या दोन ओळी तक्ता फिरवतात. खोली म्हणजे बिंदू आपल्यापासून किती मागे गेला. वरून बघताना मागच्या वस्तू चित्रात वरच्या बाजूला दिसतात, म्हणून तिसऱ्या ओळीत खोलीचा थोडा भाग उंचीत मिसळतो. कल शून्य केला तर आपण जमिनीलगत डोळा लावून बघतो आणि खोली नाहीशी होते. कल नव्वद केला तर थेट डोक्यावरून बघतो आणि उंची नाहीशी होते. एक्सेलला कोन अंशांत कळत नाहीत, म्हणून प्रत्येक कोन आधी रेडियन्स या सूत्रातून काढून घ्या.

एक बिंदू हाताने करून बघू. दर ७, वर्षे ५, फ्लॅट व्याज ३५,०००. क्ष झाला उणे ०.२५, य उणे ०.१११, उंची ०.२९२. वळण ३० अंश, कल ३० अंश, कोसाइन ०.८६६, साइन ०.५. आडवी जागा येते उणे ०.१६१, खोली उणे ०.२२१ आणि उभी जागा ०.१४२. आता त्याच ठिकाणचे बँकेचे व्याज, ३३,४६७. क्ष आणि य तेच, म्हणून आडवी जागाही तीच. फक्त उभी जागा ०.१३१ होते. दुसरा ठिपका पहिल्याच्या बरोबर खाली पडला. दोन पृष्ठभाग एका चित्रात यायला सुरुवात झाली.

५. जाळी विणताना

बिंदूंचा क्रम महत्त्वाचा. स्कॅटर चार्ट ठिपके ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने जोडतो. म्हणून आधी पहिल्या वर्षाचे नऊ बिंदू एकाखाली एक लिहा, मग एक ओळ रिकामी, मग दुसऱ्या वर्षाचे नऊ, असे दहा वर्षांपर्यंत. त्यानंतर तेच बिंदू दराप्रमाणे लिहा: चार टक्क्यांचे दहा, रिकामी ओळ, पाच टक्क्यांचे दहा. एकूण १९८ ओळी होतात. पहिल्या भागातून आडवे धागे मिळतात, दुसऱ्यातून उभे. रिकामी ओळ आली की रेषा तुटते आणि पुढचा धागा नव्याने सुरू होतो.

ती ओळ खरोखर रिकामी हवी. सूत्र वापरून ‘काहीच नाही’ अशी दोन अवतरणचिन्हे टाकली तर सेल दिसायला रिकामा, पण एक्सेलच्या लेखी त्यात मजकूर असतो. आडव्या जागांच्या रकान्यात मजकूर आला की एक्सेल त्या मालिकेचे सगळे आडवे आकडे टाकून देते आणि त्याऐवजी १, २, ३ धरते. चित्राचा चुराडा होतो आणि कारण सापडत नाही. लिब्रे ऑफिसमध्ये काम करत असाल तर आडव्या आकड्यांप्रमाणे क्रम लावण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर धागे भलत्याच गाठींना जोडले जातील.

शेजारच्या रकान्यांत बँकेच्या पृष्ठभागाचे १९८ बिंदू त्याच क्रमाने घ्या. ठिपक्यांशिवाय सरळ रेषांचा स्कॅटर चार्ट काढा. फ्लॅट निळ्या रंगात, बँक नारिंगी. तिसऱ्या मालिकेत जमिनीची चौकट आणि चार कोपऱ्यांचे खांब काढले की डोळ्याला आधार मिळतो. दोन्ही अक्षांच्या सीमा पक्क्या करून टाका, उदाहरणार्थ उणे १.८ ते १.८, आणि चित्राची चौकट चौरस ठेवा. सीमा मोकळ्या सोडल्या तर कोन बदलताना चित्र लहान-मोठे होत राहते. वळणाच्या सेलला स्क्रोलबार जोडलात की पट्टी सरकवताच दोन्ही जाळ्या एकत्र फिरतात, आणि त्यांच्यातले अंतर नजरेत भरते.

६. पुढचे कुठले, मागचे कुठले

मच्छरदाणीतून पलीकडचे दिसते तसे या चित्रातही दिसते. दाट जाळी केलीत तर दोन्ही रंगांची गुंतवळ होईल. नऊ बाय दहा पुरेशी आहे. मागून घातलेली मालिका वर काढली जाते, त्यामुळे जी जाळी सगळीकडे वर आहे ती शेवटी ठेवावी. आपल्या दोन जाळ्या मात्र एकमेकींना छेदतात, म्हणून कोणताही क्रम सगळीकडे बरोबर ठरणार नाही. यावर उत्तम उपाय म्हणजे छेदाची रेषाच काढणे.

ती वजाबाकीतून मिळते. पाच वर्षांची ओळ घ्या. सहा टक्क्यांना फ्लॅट व्याज ३०,०००, बँकेचे सुमारे ३०,४५५; फरक उणे ४५५. सात टक्क्यांना फरक अधिक १,५३३. चिन्ह सहा आणि सात यांच्या मध्ये बदलले. ४५५ भागिले १,९८८ केले की ०.२३ येते, म्हणून पृष्ठभाग ६.२३ टक्क्यांजवळ भेटतात. प्रत्येक वर्षासाठी हे करा. एक वर्षाला ६.१३, तीन वर्षांना ५.८९, पाचला ६.२३, दहाला ७.७२. या बिंदूंना त्यांची उंची द्या, म्हणजे दर गुणिले वर्षे गुणिले १,०००, त्याच तीन सूत्रांतून काढा आणि जाड काळ्या रेषेने जोडा.

ही रेषा आधी थोडी कमी दराकडे झुकते आणि मग लांब मुदतीला जास्त दराकडे जाते. लोक ‘फ्लॅट दराची दुप्पट म्हणजे घटता दर’ असा ढोबळ हिशेब करतात. रेषेवरचे आकडे बघा. तीन वर्षांना ५.८९ फ्लॅट बरोबर १०.८९ घटता, म्हणजे दुप्पटीच्या किंचित आत. दहा वर्षांना ७.७२ बरोबर १२.७२, म्हणजे जेमतेम १.६५ पट. लांब मुदतीला तो ढोबळ हिशेब दगा देतो.

७. निर्णयासाठी सपाट तक्ता

त्रिमितीय चित्र आकार दाखवते. आकडा वाचायला ते फार वाईट साधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सात टक्के आणि पाच वर्षे या बिंदूवर दीड हजार रुपयांचा फरक चित्रात ०.०११ एवढा सूक्ष्म दिसला. नारिंगी जाळी निळीच्या खाली आहे की वर, हे तिथे डोळे ताणूनही सांगता येणार नाही. म्हणून आकार बघून झाला की फ्लॅट वजा बँक असा ९० सेलचा एकच तक्ता करा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने अधिक आकड्यांना एक रंग, उण्यांना दुसरा द्या. काळ्या रेषेचा नकाशाच तुमच्यासमोर येतो, तोही रुपयांसकट. आपल्या तक्त्यात आठ टक्क्यांपासून पुढे सगळीकडे बँक स्वस्त आहे, पाच टक्क्यांपर्यंत सगळीकडे फ्लॅट, आणि खरा प्रश्न फक्त सहा आणि सातच्या दोन रकान्यांत आहे.

मग प्रक्रिया शुल्क घाला. बँकेने एक लाखावर दोन टक्के शुल्क घेतले तर नारिंगी पृष्ठभाग सगळीकडे दोन हजारांनी वर सरकतो. सात टक्के, पाच वर्षे या बिंदूवर बँकेचा खर्च ३५,४६७ होतो आणि ३५,००० चे फ्लॅट कर्ज स्वस्त ठरते. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्हीकडे की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक केले आहे, आणि शुल्कासह पडणारा वार्षिक दर त्यात लिहावाच लागतो. त्यातले आकडे आपल्या तक्त्यात भरा आणि मगच ठरवा.